खिडकीखालची खूण

आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नियमांची एक मोठी यादी आहे. यादीच्या शेवटी ‘प्रलंबित’ नावाचं एक पान आहे आणि त्या पानावर माझ्या हातची एक ओळ आहे. कुठे: प्रत्येक खोलीत, खिडकीखाली. काय: कूलरचा पॉइंट, अर्थिंगसकट. आधार: नाही. ही ओळ लिहिल्यानंतर दोन वर्षांनी एक माणूस आमच्या ऑफिसात आला आणि त्याने विचारलं, की माझी बायको गेली ती तिच्याच चुकीने गेली का. त्याचं उत्तर त्या ओळीत होतं. मी त्याच्या समोर बसले होते आणि मी ते दिलं नाही.

मी इमारतीच्या पोटातलं काम करते. भिंती, स्लॅब, खिडक्या दुसरे लोक काढतात. त्यांच्यातून वीज कुठून जाईल, पाणी कुठून येईल, सांडपाणी कुठून बाहेर पडेल, हे आम्ही ठरवतो. माझी आई नातेवाइकांना सांगते, पोरगी नळ-लाइटचं बघते. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि पुण्यातली सहा वर्षं तिने त्या दोन शब्दांत बसवली आहेत, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नाही. लॉकडाऊनमध्ये मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला घरी आले ती पुन्हा पुण्याला गेलेच नाही. वर्ध्यात एका साहेबांचं लहानसं ऑफिस होतं. हाताने ड्रॉइंग काढण्याऐवजी ते कॉम्प्युटरकडूनच काढून घेईल असं कोणीतरी त्यांना हवं होतं. ते मला येत होतं.

कल्पना अगदी सोपी आहे. इमारतीचा आराखडा कॉम्प्युटरमध्ये येतो तेव्हा प्रत्येक खोलीवर तिचं नाव लिहिलेलं असतं: स्वयंपाकघर, न्हाणी, निजायची खोली. आपण प्रोग्रॅमला जर-तरच्या भाषेत नियम शिकवून ठेवायचे. खोली स्वयंपाकघर असेल तर ओट्याच्या वर इतक्या उंचीवर इतके सॉकेट. न्हाणी असेल तर गिझरचं बटण बाहेर. मग प्रोग्रॅम खोलीमागून खोली वाचत जातो आणि दिवे, बटणं, वायरी, नळ, पाइप आपापल्या जागी ठेवत जातो. थकत नाही, चहाला जात नाही, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पहिल्या मजल्यावर काय केलं ते विसरत नाही. पण त्याला जे सांगितलं तेवढंच तो करतो.

यादीला आधी दोनच रकाने होते, कुठे आणि काय. तिसरा, आधाराचा रकाना मी घातला. माझे वडील शाळेत गणित शिकवायचे आणि आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला नियम होता. चपला कुठे, पाण्याचा तांब्या कुठे, अभ्यास किती वाजता. पण प्रत्येक नियमाला कारणही होतं आणि ते विचारायची मुभा होती. कारण सांगता आलं नाही तर वडील तो नियम मोडीत काढायचे. मला ते फार आवडायचं. म्हणून मी ऑफिसात ठरवलं की आधार असल्याशिवाय एकही नियम प्रोग्रॅममध्ये जाणार नाही. सरकारी मानकातलं कलम, नाहीतर बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक, नाहीतर निदान जुनं मंजूर ड्रॉइंग. हा रकाना रिकामा राहिला की ओळ लाल होते. ती सोयही मीच केली होती आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

जुनी ड्रॉइंगं होती काकांची. ते आमचे ड्राफ्ट्समन. ऑफिस उघडलं तेव्हापासूनचे, म्हणजे मी शाळेत होते तेव्हापासूनचे. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि एक निळा खडू, चष्म्याच्या दांड्यांना बांधलेली दोरी, आणि ऑफिसात शिरताना देवळात शिरावं तशा बाहेर काढलेल्या चपला. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की मॅडमला सगळं समजावून द्या. एवढ्या वर्षांचं कसब कोणी असं मागितलं असतं तर मी कुरकुरले असते. काका कुरकुरले नाहीत. कपाटातल्या गुंडाळ्या एकेक करून उलगडायच्या, मी प्रत्येक खुणेवर बोट ठेवून का विचारायचं आणि त्यांनी सांगायचं, असा तो अर्धा उन्हाळा गेला. टाकीतून पाणी तळापासून थोडं वरून काढायचं, कारण खाली गाळ बसतो. दाराच्या मागे बटण द्यायचं नाही, कारण दार उघडलं की ते झाकलं जातं. त्यांच्याकडे कारण नाही असं सहसा होत नसे. मी कलम शोधायचे आणि दहातल्या आठ वेळा कलम सापडायचं. तेव्हा काका खूश व्हायचे, की आपण म्हणत होतो ते कुठेतरी छापलेलंही आहे.

त्या दिवशीची दुपार मला स्वच्छ आठवते. एप्रिल संपत आला होता. वर्ध्यातला एप्रिल म्हणजे दुपारी दाराची कडीसुद्धा रुमालाने धरायची. ऑफिसच्या खिडकीत कूलर लावलेला होता, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर स्टेपलर ठेवला होता. शेवटची गुंडाळी संपली. मी यादी बंद करणार, तेवढ्यात काका म्हणाले, “एक राह्यलं, मॅडम. खिडकीखालचा पॉइंट. कूलरचा. हरेक खोलीत.”

मी गुंडाळ्या पुन्हा चाळल्या. एकाही ड्रॉइंगमध्ये खिडकीखाली काही नव्हतं. मी त्यांना तसं दाखवलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की सुरुवातीला ते काढायचे, पण ड्रॉइंग मंजूर करणाऱ्या एका मोठ्या सरकारी साहेबांनी लाल पेनने ते सगळे खोडून दिले. कूलर हा राहणाऱ्याचा, तो आणेल नाहीतर न आणेल, इमारतीचा त्याच्याशी संबंध नाही, असा शेरा मारला. तेव्हापासून काकांनी ते कागदावर काढणं सोडलं आणि भिंतीवर काढणं सुरू केलं. विटा लागल्या, खिडकीच्या चौकटी बसल्या, की वायरमन भिंतीत खाचा पाडायच्या आधी ते साइटवर जायचे आणि प्रत्येक खिडकीखाली निळ्या खडूने गोल काढून आत फुली मारायचे. वायरमनला तेवढं पुरायचं. तो गिझरच्या लाइनवरून तिथपर्यंत तीन तारा आणायचा, तिसरी अर्थिंगची. कोणी कधी हरकत घेतली नाही, कारण घेणाऱ्याच्या घरीही कूलर होता. जिल्ह्यात काकांच्या हातून गेलेल्या प्रत्येक इमारतीत खिडकीखाली तो पॉइंट आहे आणि एकाही कागदावर नाही.

मी विचारलं, “आधार काय लिहू?”

“आधार? उन्हायाले काय आधार पायजे, मॅडम?”

मला हसू आलं. मी म्हटलं, काका, असं नाही चालत. मानकात एसीचा पॉइंट आहे, तो आपण दिलाच आहे, वर छताजवळ. कूलरचा उल्लेख कुठेच नाही. जुन्या ड्रॉइंगमध्येही नाही. मग मी लिहू काय? काकांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, इथे क्वार्टरमध्ये राहणारा माणूस एसी घेणार आहे का, तो कूलरच लावणार. खिडकीखाली पॉइंट नसला तर तो कुठूनही वायर ओढेल. पाण्याचं यंत्र आहे, पत्र्याचं आहे. “तुमीच मले इचारून राह्यल्या ना, हे काऊन हाय म्हून. मी सांगून राह्यलो.”

मी ओळ लिहिली. आधार: नाही. ओळ लाल झाली आणि मी तिला ‘प्रलंबित’ पानावर ढकललं. ढकलताना माझ्या पाठीवर थंडगार वारा येत होता. तो कूलर ज्या पॉइंटवर चालू होता तो आमच्याच खिडकीखाली होता आणि काकांनीच करून घेतलेला होता. मान वळवली असती तर दिसला असता.

पुढे सगळं छान चाललं. हिंगणघाट रस्त्यावर एका प्रशिक्षण केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी क्वार्टर्स बांधायची होती. तो आमच्या प्रोग्रॅमचा पहिला मोठा प्रकल्प. ज्या कामाला काकांना दोन-तीन आठवडे लागत ते जेवणाच्या सुट्टीआधी पडद्यावर तयार होतं. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते आणि मजले भरत जाताना हळूच “वा, वा” म्हणत होते. काकांनीही बघितलं. थोड्या दिवसांनी साहेबांनी त्यांना सांगितलं की आता तुम्ही साइटवर जात जा, काम ड्रॉइंगप्रमाणे होतंय का ते बघा. काकांना ते लागलं असेल, पण त्यांनी दाखवलं नाही. साइट तर मले आवडते, म्हणाले.

पावसाळा संपता संपता एका सकाळी साइटवरून ठेकेदाराच्या इंजिनिअरचा फोन आला. तुमच्या काकांनी सगळ्या खोल्यांत खिडकीखाली खडूने फुल्या मारल्या आहेत, वायरमनला खाचा पाडायला सांगितलं आहे, ड्रॉइंगमध्ये तर असं काही नाही, काय करायचं. मी चिडले. आता लिहिताना कबूल करते, मी जबरदस्त चिडले. मला वाटलं की हा माझ्या कामाचा अपमान आहे. इतकी मेहनत करून मी सगळं एका जागी आणलं होतं, तोंडी काही राहू नये म्हणून, आणि हे गृहस्थ पुन्हा खडू घेऊन भिंती रंगवत फिरतायत. मी त्या इंजिनिअरला म्हटलं, “ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच करा. बाकीचं पुसून टाका.” आणि तोंडी राहू नये म्हणून तेच वाक्य मेसेज करूनही पाठवलं.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले. पुसाले तुमी सांगतलं म्हने, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी बरं म्हटलं, खिशातला खडू काढून माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला आणि साहेबांच्या खोलीत गेले. मी वाद घालायची तयारी करून बसले होते, तो वाद झालाच नाही. दिवाळीनंतर त्यांनी गुडघ्याचं कारण सांगून काम सोडलं आणि तळेगावला भावाकडे राहायला गेले. खडू माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला.

क्वार्टर्समध्ये लोक राहायला आले ते पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात. त्यानंतरच्या मे महिन्यात एका दुपारी साहेबांना फोन आला आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये कूलरचा शॉक लागून एक बाई गेली होती. केंद्रातल्या एका क्लार्कची बायको. साहेब म्हणाले, चला माझ्याबरोबर, ड्रॉइंग घ्या.

आम्ही पोचलो तेव्हा तिला नेलं होतं. खोली तशीच होती. खिडकीत पत्र्याचा कूलर, त्याच्यासमोर शिलाई मशीन, मशीनच्या सुईखाली अर्धं शिवलेलं ब्लाउज. वारा लागावा म्हणून तिने मशीन खिडकीपाशी आणलं असणार. फरशीवर बादली आडवी पडली होती आणि पाणी पलंगाखालपर्यंत जाऊन सुकायला लागलं होतं. पलंगाच्या उशाशी असलेल्या छोट्या बोर्डावरून एक पांढरी वायर निघून भिंतीच्या कडेकडेने कूलरपर्यंत गेली होती. बाजारात मिळते ती, दोन तारांची. मध्ये एका जागी काळी पट्टी गुंडाळलेली होती.

मला तिथे उभ्या उभ्या सगळं कळलं. कूलरच्या पंपातून वीज पत्र्यात उतरली होती. तिसरी तार असती तर ती वीज जमिनीत गेली असती. आणि अशी वीज गळली की लाइन तोडणारा एक खास स्विच असतो, तो आमच्या नियमाप्रमाणे गिझर आणि एसीच्या लाइनवर होता. उशाशी असलेल्या बोर्डाच्या लाइनवर तो नव्हता, कारण तिथे मोबाइल चार्ज होईल, दिवा लागेल, असं आम्ही धरलं होतं. काकांचा पॉइंट असता तर तो गिझरच्या लाइनवर असता. डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज गेली असती, बाईला नुसता झटका बसला असता, आणि संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं असतं की कूलर दुरुस्तीला न्या.

मी खिडकीखालच्या भिंतीकडे बघितलं. गुळगुळीत, पिवळसर रंगाची. त्या रंगाखाली कुठेतरी पुसलेली फुली असेल असं वाटत राहिलं. साहेब पंचनामा करणाऱ्यांना ड्रॉइंग दाखवत होते आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून विचारलेल्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देत होते.

अहवालात जे लिहिलं गेलं त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. वायरिंग मंजूर ड्रॉइंगप्रमाणे. एसीचा पॉइंट उपलब्ध. रहिवाशाने परवानगीशिवाय तात्पुरती जोडणी केली. चालू कूलरला ओल्या हाताने स्पर्श. रहिवाशाचा निष्काळजीपणा. परतताना साहेब गाडीत म्हणाले, बिचारी, पण आपण यातून स्वच्छ आहोत. त्यांना त्या पानाबद्दल काही माहीत नव्हतं. ते फक्त मला आणि काकांना माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघत मान हलवली.

पंधरा-वीस दिवसांनी तिचा नवरा आला. त्याच्या डोक्यावर नुकते कुठे केस उगवत होते. हातात अहवालाची प्रत होती, घड्या पडू नयेत म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेली. तो भांडायला आलेला नव्हता. त्याने आधी साहेबांना विचारलं की या कागदात जे लिहिलं आहे ते खरं आहे का. साहेबांनी जपून, चांगल्या शब्दांत सांगितलं की चौकशी रीतसर झाली आहे. मग तो माझ्याकडे वळला.

“मॅडम, ड्रॉइंग तुमी केलं म्हनतात. माहे घरचे, तिच्या माहेरचे, सारे म्हनतात तिनं हलगर्जीपना केला. ती तशी नव्हती. गॅसचं बटन दोनदा पाहे ती. म्हून इचारतो. तिची चूक होती का?”

प्रलंबित पान दोन क्लिकवर होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती.”

त्याने फोल्डरमधला कागद पुन्हा एकदा बघितला. मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मग म्हणाला, “म्हनजे तिचीच होती.” मी पडद्याकडे बघितलं. त्याने फोल्डर बंद केलं, आभार मानले आणि जिना उतरून गेला. शेजारी कूलर घरघरत होता. तो बंद करायला उठले तेव्हा मला स्वतःची किळस आली.

मी काही दिवस बरी होते. म्हणजे जेवत होते, ऑफिसात जात होते. आईने विचारलं तर उन्हाचं निमित्त सांगत होते. एका सकाळी मी प्रलंबित पानावरची ओळ उचलून मुख्य यादीत आणली. कुठे, काय, सगळं भरलं. ओळ लालच राहिली, कारण आधार रिकामा होता. मी कलम शोधायला घेतलं, जणू या दोन वर्षांत कोणीतरी ते छापून ठेवलं असेल. शेवटी मी काकांना फोन लावला. त्यांना बातमी कळलेली होती. मी सगळं सांगितलं, नवरा येऊन गेल्याचं आणि मी काय उत्तर दिलं तेही. मला वाटतं मला त्यांच्याकडून शिव्या हव्या होत्या, म्हणजे तिथेच हिशेब मिटला असता.

काका म्हणाले, “हे मले काऊन सांगता, मॅडम? मले तं माहीतच होतं. ज्याले माहीत नाई त्याले सांगा. जाऊन येजा.”

मी पानाची प्रत काढली. साइटवरच्या इंजिनिअरला पाठवलेल्या मेसेजचीही काढली. साहेबांना सांगितलं नाही. जुलै लागला होता, आभाळ भरलेलं होतं. मी बसने क्वार्टर्सपाशी उतरले आणि दुसऱ्या मजल्यावर गेले. तो घरी होता. मला बघून गोंधळला, पण आत या म्हणाला. खिडकीत आता कूलर नव्हता. शिलाई मशीन झाकून कोपऱ्यात सारलेलं होतं. एक गोष्ट मला आत शिरतानाच दिसली, पण तेव्हा तिचा अर्थ लागला नाही. खोलीतल्या प्रत्येक बोर्डाशेजारी भिंतीत खिळा ठोकलेला होता आणि प्रत्येक खिळ्याला एक स्वच्छ टॉवेल लटकत होता. दाराजवळच्या बोर्डाला, उशाशी असलेल्या बोर्डाला, आणि आत ओट्याच्या वर दिसत होतं तिथेही.

मी कागद त्याच्या हातात दिले आणि न थांबता सांगितलं. इथे खिडकीखाली पॉइंट असायला हवा होता. आमच्या एका माणसाने मला तसं सांगितलं होतं. मी तो नियम घातला नाही, कारण मला तो कुठे छापलेला सापडला नाही. त्याने भिंतीवर खूणही केली होती, ती मी पुसायला लावली. पॉइंट असता तर तुमच्या मिसेस वाचल्या असत्या. त्यांचा हात ओला असता तरी वाचल्या असत्या. त्यांचा हलगर्जीपणा नव्हता. त्यांनी तेच केलं जे इथे कोणीही करतं, माझ्या आईनेही केलं असतं.

त्याने दोन्ही कागद वाचले. ‘आधार: नाही’ या दोन शब्दांवर त्याचं बोट थांबलं. तो रागावेल, ओरडेल, मला निघा म्हणेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. तो रागावला नाही. अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “तुमी हे त्या दिवशी सांगतलं असतं तं मी पोरीले तसं सांगतलं नसतं.”

मी विचारलं, काय सांगितलं.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि मुलगी शाळेतून आली. दुसरी-तिसरीतली असेल, दोन वेण्या, पाठीवर भिजलेलं दप्तर. तिने दप्तर उतरवलं, माझ्याकडे बघितलं आणि पंखा लावायला दाराजवळच्या बोर्डाकडे गेली. बटणाला हात लावण्याआधी तिने खिळ्यावरचा टॉवेल काढला. तळहात पुसले, मग हाताची मागची बाजू, मग एकेका बोटाची मधली जागा, न चुकता, क्रमाने. टॉवेल परत लावला. मग दोन्ही हात वर करून बापाला दाखवले. त्याने मान हलवली तेव्हा तिने बटण दाबलं.

“मी सांगतलं होतं तिले,” तो म्हणाला. “आईचा हात ओला होता म्हून गेली. तवापासून असंच करते. झोपेतून उठली तरी.” मग कागद घडी न घालता मांडीवर ठेवत म्हणाला, “आता तुमीच सांगा तिले.”

मी तिला जवळ बोलावलं. ती आली. मला मुलांशी बोलता येत नाही, मी मोठ्या माणसाशी बोलावं तसंच बोलले. म्हटलं, तुझ्या आईने काही चुकीचं केलं नव्हतं. हात ओला असला तरी काही व्हायला नको होतं. या खिडकीखाली एक गोष्ट असायला हवी होती, ती नव्हती.

ती खिडकीखालच्या भिंतीकडे बघत राहिली. तिथे काहीच नव्हतं. मग तिने मला विचारलं, “मंग कोनाची चूक होती?”

“माझी,” मी म्हणाले.

तिला ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिने बापाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. बाहेर पावसाची सर आली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने मांडीवरचे कागद उडायला लागले होते. कागद उडतायत म्हणून ती पंखा बंद करायला गेली. बोर्डापाशी थांबली, टॉवेल काढला आणि तळहातांपासून सुरुवात केली.